घरांतली शर्यत

सायकल हें आपल्याकडे गरजेचें वाहन. दूधवाला, पोस्टमन, शाळामास्तर यांची तिच्यावर भिस्त. तिच्यावर बसून कोणी देशोदेशीं कीर्ति मिळवावी ही कल्पना आपल्या मनाला सहसा शिवत नाहीं. मुंबई-पुणें सायकल-शर्यतींत बोरघाट चढून जाणारे स्वार ज्यांनीं रस्त्याच्या कडेला उभें राहून पाहिले असतील, त्यांना या खेळांतील श्रमांची थोडीशी ओळख असेल. युरोपांत मात्र, विशेषतः फ्रान्स, इटली, स्पेन, बेल्जम आणि हॉलंड या देशांत, कोल्हापुरांत जो मान कुस्तीला आहे तो मान सायकलच्या शर्यतीला शंभर वर्षांहून अधिक काळ मिळत आला आहे. तेथील व्यावसायिक स्वारांचा हंगाम हिंवाळा सरतांना सुरू होतो आणि ऑक्टोबरांत पानगळीच्या वेळीं संपतो.

आज मी ज्या चुरशीविषयीं बोलणार आहें, ती मात्र रस्त्यावरची नव्हे. ती एका घरांतली आहे आणि नवराबायकोंमधली आहे. माझा भाचा व भाचेसून हॉलंडमध्यें आइंडहोव्हन या शहरीं राहतात. दोघेंही नोकरी करतात, दोघेंही सायकलनें कामावर जातात, आणि दर वर्षीं जानेवारी महिन्यांत जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून एकमेकांच्या नकळत पंचवीस-पंचवीस स्वारांच्या याद्या करतात. या याद्यांचें आणि पुढें वर्षभर पडणाऱ्या गुणांचें दप्तर माझ्या हातीं आहे. कारण असें कीं, एकाच्या बेरजेवर दुसऱ्याचा विश्वास नाहीं, आणि मीं हयातभर मुलांच्या गुणांच्या बेरजा केल्या आहेत.

हा खेळ कसा असतो तें आधीं सांगितलें पाहिजे. इंग्रजींत त्याला फॅन्टसी लीग म्हणतात. मी त्याला मनांतल्या संघाचा खेळ म्हणतों. अमेरिकेंत १९८० सालीं न्यूयॉर्कच्या कांहीं मंडळींनीं बेसबॉलसाठीं या प्रकाराला रूप दिलें, आणि तेथून तो इतर खेळांत पसरला. खऱ्या खेळाडूंमधून आपण आपला एक कल्पित संघ निवडावयाचा. ते खेळाडू खऱ्या मैदानावर जें करतील त्याचे गुण आपल्या खात्यावर पडावयाचे. आमच्या घरच्या नियमांप्रमाणें प्रत्येकाला १५० होन मिळतात. होन हें नांव माझें. ‘पॉइंट’ खर्च करून ‘पॉइंट’ मिळवावयाचे हें मला चमत्कारिक वाटलें. ज्या स्वारानें गेल्या वर्षीं पराक्रम केला त्याची किंमत भारी, ज्यानें कांहीं केलें नाहीं त्याची किंमत एक होन. एकदां यादी ठरली कीं वर्षभर बदल नाहीं. शर्यत जिंकली तर गुण, दुसरा-तिसरा आला तर त्याहून कमी, अनेक दिवसांच्या शर्यतींत आघाडीची बंडी एक दिवस अंगावर राहिली तरी कांहीं गुण. हरणाऱ्यानें पुढचा सारा हिंवाळा रोज सकाळीं उठून चहा करावयाचा. हॉलंडमधली हिंवाळ्याची सकाळ ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही पैज क्षुल्लक वाटणार नाहीं.

आतां या खेळांतली एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खटकत आली आहे. सायकलची शर्यत दिसते एकट्याची, पण ती असते जमावाची. सपाट रस्त्यावर स्वाराचा खरा शत्रु म्हणजे वारा. जो पुढें असतो तो वारा फोडतो. जो त्याच्या मागें चाकाला चाक लावून चालतो त्याचे श्रम एकतृतीयांशापर्यंत वांचतात. म्हणून प्रत्येक संघांत एकदोन धनी असतात आणि बाकीचे सेवक. सेवकांनीं दिवसभर वारा खावयाचा, मोटारीपर्यंत मागें जाऊन पाण्याच्या बाटल्या अंगरख्यांत कोंबून आणावयाच्या, धन्याचें चाक पंक्चर झालें तर आपलें काढून द्यावयाचें, आणि शेवटचा घाट आला कीं दमून बाजूला व्हावयाचें. पंगतींतला वाढपी जसा सर्वांना जेवूं घालतो आणि स्वतः शेवटीं उरलेलें खातो, तसा हा प्रकार आहे. आमच्या दप्तरांत जेवणाऱ्याला गुण आहेत. वाढप्याला एकही नाहीं.

हा अन्याय आमच्या घरचाच आहे असें मात्र कोणी समजूं नये. फ्रान्सची जी जगप्रसिद्ध परिक्रमा, ‘तूर द फ्रान्स’, ती १९०३ सालीं ‘लोतो’ नांवाच्या वर्तमानपत्राचा खप वाढावा म्हणून निघाली. तिचा सूत्रधार आंरी देग्रांज हा संपादक मोठा करडा गृहस्थ होता. स्वारानें कोणाचीही मदत घेऊं नये असा त्याचा हट्ट. १९११ सालीं मॉरिस ब्रोको नांवाचा स्वार दुसऱ्याला साहाय्य करतांना दिसला, तेव्हां देग्रांजनें त्याला ‘घरगडी’ म्हणून हिणविलें. आणि फ्रेंच भाषेंतला तोच शब्द, ‘दोमेस्तिक’, आज या सेवकांचें मानाचें नांव होऊन बसला आहे. १९१३ सालीं यूजीन क्रिस्तोफ याच्या सायकलचा पुढचा चिमटा पिरेनीज पर्वतांत मोडला. तो सायकल खांद्यावर घेऊन डोंगर उतरला, खालच्या खेड्यांतल्या लोहाराच्या भट्टीवर त्यानें स्वतःच्या हातानें चिमटा सांधला. तरीहि लोहाराच्या पोरानें भाता ओढला एवढ्यावरून त्याला दंड झाला! आणखी एक मौज सांगतों. १९०५ पासून १९१२ पर्यंत या परिक्रमेचा विजेता वेळेवर ठरत नसे, गुणांच्या बेरजेवर ठरत असे. म्हणजे आमचें हें दप्तर दिसतें तितकें पोरखेळाचें नाहीं. खुद्द शर्यतीनेंच एकदां तसें दप्तर ठेवलें होतें.

तर २०२३ सालच्या याद्या माझ्याकडे आल्या. याद्यांवरून माणसाचा स्वभाव कळतो. भाचा हा भारी वस्तु घेऊन बाकी घर काटकसरीनें चालविणारा. त्यानें स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार घेतला, ३४ होनांना. नेदर्लंड्सचा माथ्यू फान देर पूल घेतला. आणि मग हातीं उरलेल्या पैशांत जुने, विश्वासू, मधल्या दर्जाचे लोक गोळा केले. त्यांत बास्क प्रांतांतले पेयो बिलबाओ आणि मिकेल लान्दा होते, आणि गिनो मेडर नांवाचा एक स्विस तरुण होता. या तिघांचा खरा संघ एकच. भाचेसुनेची यादी निराळी. तिनें डेन्मार्कचा योनास विंगेगोर घेतला, स्लोव्हेनियाचाच प्रिमोज रोग्लिच घेतला. रोग्लिच आदल्या वर्षीं पडून-धडपडून मागें राहिला होता, त्यामुळें तो स्वस्त मिळाला. स्पेनचा विशींतला हुआन आयुसो घेतला. आणि अगदीं शेवटीं, तीन होन उरले होते, त्यांत अमेरिकेच्या कोलोराडो प्रांतांतला सेप कस घेतला. रेमको एवेनपुल हा बेल्जियन दोघांच्याही यादींत होता. कस हा विंगेगोर-रोग्लिच यांच्याच संघांतला सेवक. ‘याला कशाला घेतलें? हा कधीं जिंकणार?’ असें भाच्यानें विचारलें. ती म्हणाली, ‘माझे दोघे धनी जेथें जातील तेथें हा असणार. कोणीतरी घरचें माणूस नको का बरोबर?’

वसंत ऋतूंत भाच्याची चंगळ झाली. पोगाचारनें मार्चमध्यें पॅरिस-नीस जिंकली. १८ मार्चला जवळजवळ ३०० किलोमीटरची मिलान-सान रेमो ही शर्यत फान देर पूलनें एकट्यानें पुढें निघून जिंकली. त्याचे आजोबा रेमों पुलिदोर यांनीं तीच शर्यत १९६१ सालीं जिंकली होती. २ एप्रिलला पोगाचारनें फ्लांडर्स जिंकली, ९ एप्रिलला फान देर पूलनें दगडी फरसबंदीची पॅरिस-रूबे जिंकली, त्यानंतर दहा दिवसांत पोगाचारनें आणखी दोन. भाचा दर रविवारीं मोबाइलवरून निकाल कळवी आणि मग हळूच विचारी, ‘मामा, अंतर किती झालें?’ मी अंतर सांगे. पलीकडून भाचेसून म्हणे, ‘वर्ष मोठें आहे, मामा.’

२३ एप्रिलला लीएजच्या शर्यतींत पोगाचार पडला आणि त्याच्या मनगटाचें हाड मोडलें. भाच्याचा पहिला प्रश्न होता, ‘किती आठवडे जातील?’ भाचेसून त्याला म्हणाली, ‘आधीं त्याला फार लागलें का तें तर विचार.’ दोघें हंसलीं, आणि मीहि हंसलों. या खेळाचा असा एक गुण आहे खरा, कीं माणूस दुसऱ्याच्या हाडांचा हिशेब आठवड्यांत करूं लागतो. त्या वेळीं तें विनोदी वाटलें.

मे महिन्यांत इटलीच्या परिक्रमेंत एवेनपुल आघाडीची गुलाबी बंडी अंगावर असतांनाच कोविडमुळें घरीं परतला. दोघांचेंही नुकसान सारखेंच, म्हणून दोघांनींही एकमेकांचें सांत्वन केलें. ती शर्यत शेवटीं रोग्लिचनें १४ सेकंदांनीं जिंकली. निकाल मोन्ते लुस्सारीच्या चढावर एकेकट्यानें घड्याळाविरुद्ध धांवण्याच्या टप्प्यांत लागला. ऐन चढांत त्याची साखळी उतरली. त्यानें ती शांतपणें बसविली आणि प्रेक्षकांतल्या एका माणसानें त्याला मागून धक्का देऊन मार्गी लावलें. तो माणूस म्हणजे रोग्लिच तरुणपणीं बर्फावरून उडी मारण्याच्या खेळांत होता, तेव्हांचा त्याचा सोबती निघाला. अशा गोष्टी कोणी रचून सांगितल्या तर आपण विश्वास ठेवणार नाहीं.

आतां जून महिन्याकडे येतों. या भाषणाचें खरें कारण तेंच आहे.

फ्रान्सच्या परिक्रमेपूर्वीं स्वित्झर्लंडमध्यें आठ दिवसांची एक शर्यत असते. १५ जून २०२३ रोजीं तिचा पांचवा टप्पा होता. शेवटचा डोंगर आल्बुला. तो चढून गेल्यावर उतारावरून भरधांव खालीं ला पुंट या गांवीं यावयाचें. त्या दिवशीं आयुसो एकटा पुढें आला आणि जिंकला. भाचेसुनेच्या खात्यावर चांगले गुण पडले. तिनें मला संध्याकाळीं निकाल कळविला. मीं तो वहींत मांडला. त्या वेळीं तिलाहि माहीत नव्हतें आणि मलाहि माहीत नव्हतें, कीं त्याच उतारावर गिनो मेडर रस्ता सोडून खालच्या दरींत कोसळला होता. त्याला तेथेंच शुद्धीवर आणण्याचा प्रयत्न झाला, हेलिकॉप्टरनें कूर येथील रुग्णालयांत नेण्यांत आलें, आणि दुसऱ्या दिवशीं, १६ जूनला, तो वारला. वय २६.

मेडर कोण होता हें दोन वाक्यांत सांगितलें पाहिजे. भाच्यानें त्याला स्वस्त मिळाला म्हणून घेतला असला तरी तो स्वस्त माणूस नव्हता. २०२१ च्या मार्चमध्यें पॅरिस-नीस शर्यतींत डोंगरावरील एका टप्प्यांत तो दिवसभर पुढें होता, आणि रेषा अगदीं समोर दिसत असतांना रोग्लिचनें त्याला मागून येऊन गांठलें. दोन महिन्यांनीं इटलींत त्यानें तसाच एक टप्पा जिंकला, त्या वेळीं कोणी गांठूं शकलें नाहीं. त्याच वर्षीं स्पेनच्या परिक्रमेंत तो पांचवा आला. त्या परिक्रमेंत त्यानें एक व्रत घेतलें होतें. रोज आपल्या मागें जितके स्वार राहतील तितके युरो तो बाजूला ठेवी, आणि ती रक्कम त्यानें आफ्रिकेंतील उजाड जमीन पुन्हां हिरवी करणाऱ्या कामाला दिली. आमच्याप्रमाणें तोहि गुण मोजत होता म्हणावयाचें. फक्त ते कोणाच्या खात्यावर टाकावयाचे एवढाच फरक.

१६ तारखेचा टप्पा शर्यत म्हणून झाला नाहीं. सगळे स्वार सुमारें वीस किलोमीटर एकत्र, सावकाश चालले. मेडरचा संघ निघून गेला. पुढें दोन दिवस शर्यत चालली. १७ तारखेला एवेनपुल जिंकला आणि त्यानें तो जय मेडरला वाहिला. अशा धोक्याच्या उताराच्या पायथ्याशीं टप्पा संपवावा याबद्दल एवेनपुलनें अपघाताच्या दिवशींच उघड नापसंति दर्शविली होती.

त्या रविवारीं मोबाइल भाचेसुनेनें केला. ती म्हणाली, ‘मामा, गुरुवारचे माझे गुण खोडून टाका.’ मागून भाचा म्हणाला, ‘खोडूं नका. आयुसोनें काय अपराध केला? तो पुढें होता, त्याला मागचें काय ठाऊक?’ ती म्हणाली, ‘आयुसोचे गुण आयुसोला राहूंद्यात. मला नकोत.’ मग आणखी एक प्रश्न निघाला. भाच्याच्या यादींत आतां चोवीस उरले. नियमाप्रमाणें बदल नाहीं. पण ती म्हणाली, त्यानें बदली माणूस घ्यावा, माझी हरकत नाहीं. तो म्हणाला, मी घेणार नाहीं. कोणी कोणावर रागावलें नव्हतें. पण त्या दिवसापर्यंत या चुरशींत दोघांपैकीं प्रत्येकानें स्वतःसाठीं भांडावें असा रिवाज होता, आणि त्या दिवशीं प्रत्येक जण दुसऱ्याच्या बाजूनें भांडत होता. शेवटीं दोघेंही म्हणालीं, मामा, तुम्ही ठरवा.

शाळेंत एखादा विद्यार्थी वारला म्हणजे हजेरीपटांतून त्याचें नांव कमी करावें लागतें. तांबड्या शाईनें एक आडवी रेघ, आणि शेऱ्याच्या रकान्यांत एक शब्द. नोकरींत असतांना मीं ती रेघ चारदां ओढली आहे. तें सरकारी काम होतें, टाळतां येत नव्हतें. या वहीवर मात्र सरकार नव्हतें. मीं असें ठरविलें: गुरुवारचे गुण खोडावयाचे नाहींत. दप्तर हें काय झालें त्याचें असतें, काय व्हावयास हवें होतें त्याचें नसतें. आणि तो दिवस काढून टाकला तर मेडरनें आपल्या पायांनीं चढलेला शेवटचा डोंगरही त्याबरोबर जाईल. बदली माणूस घ्यावयाचा नाहीं, कारण घेणाऱ्याची इच्छा नाहीं. आणि मेडरच्या नांवावर रेघ ओढावयाची नाहीं; त्याची ओळ वर्षअखेरपर्यंत तशीच ठेवावयाची, रकाने कोरे. भाचेसुनेला हा निकाल सर्वस्वीं पटला असें मी म्हणणार नाहीं. ‘ठीक आहे,’ एवढेंच ती म्हणाली.

पण तिनें विषय सोडला नव्हता. जुलैमध्यें फ्रान्सची परिक्रमा सुरू झाली, तेव्हां मेडरचा सोबती बिलबाओ यानें त्याचें व्रत पुढें चालविलें: रोज मागें राहणाऱ्या प्रत्येक स्वारामागें एक युरो, आणि पैसे झाडें लावण्यासाठीं. दहाव्या टप्प्यांत इस्वार गांवीं बिलबाओ स्वतः जिंकला. त्या दिवशीं भाचेसुनेनें नवा नियम सुचविला. वर्षअखेर दोघांच्या गुणांत जितकें अंतर राहील, तितके युरो अशाच कामाला द्यावयाचे, आणि ते जिंकणाऱ्यानें द्यावयाचे; चहा हरणाऱ्याकडेच राहील. भाच्यानें मान्य केलें. मीं तें वहीच्या आतल्या पानावर लिहून घेतलें. परिक्रमा विंगेगोरनें जिंकली, पोगाचार साडेसात मिनिटांनीं मागें पडला, आणि आमच्या वहींत भाचेसून पुढें गेली.

सप्टेंबरांत स्पेनची परिक्रमा आली, आणि तिनें घरांत खराच गोंधळ उडविला. विंगेगोर, रोग्लिच आणि कस, तिघेहि एकाच संघाचे, तिघेहि भाचेसुनेच्या यादींतले. कस त्या वर्षीं इटलीच्या आणि फ्रान्सच्या परिक्रमेंत सेवक म्हणून राबला होता. फ्रान्समध्यें शेवटून दुसऱ्या दिवशीं पडून तोंड रक्तबंबाळ झालें तरी त्यानें शर्यत पुरी केली होती. स्पेनमध्यें सहाव्या टप्प्यांत तो पुढच्या तुकडींतून निसटून डोंगरावर जिंकला आणि त्याला बराच वेळ मिळाला. आठव्या टप्प्यानंतर आघाडीची तांबडी बंडी त्याच्या अंगावर आली. लोकांना वाटलें, चार दिवसांची शोभा आहे. धनी मागें आहेत, येतील. पण ती बंडी उतरेना.

१३ सप्टेंबरला आंग्लिरू आला. हा आस्तुरियास प्रांतांतला घाट साडेबारा किलोमीटरांचा असून कांहीं ठिकाणीं शंभर फुटांना तेवीस फूट चढतो. धुक्यांत, शेवटच्या चढावर, रोग्लिच आणि विंगेगोर पुढें निघून गेले आणि तांबडी बंडी घातलेला त्यांचाच सोबती मागें राहिला. त्याच्यापुढें अशा वेळीं कोण होतें? भाच्याच्या यादींतला लान्दा. लान्दाची गति कसला पेलवण्यासारखी होती; तो त्याच्या चाकाला लागून राहिला. रोग्लिच पहिला, विंगेगोर दुसरा, कस तिसरा, लान्दा चौथा. कसची आघाडी विंगेगोरवर उरली आठ सेकंद.

वहीच्या हिशेबानें भाचेसुनेचा तो वर्षांतला सर्वांत मोठा दिवस. पहिला, दुसरा, तिसरा, तिन्ही तिचे. वर तांबड्या बंडीचे गुण. आणि बाई संतापली होती. मीं आकडे वाचून दाखवूं लागतांच ती म्हणाली, ‘मामा, आज आकडे नकोत.’ भाचा मागून हंसत होता; त्याला चौथ्या क्रमांकाचे थोडे गुण मिळाले होते, आणि लान्दानें कसला वर ओढून आणलें याचा त्याला असा अभिमान, जणूं त्यानें स्वतःच वारा फोडला.

त्यानंतर आमचा वाद झाला, तो अजून मिटलेला नाहीं. भाच्याचें म्हणणें, रोग्लिचला दोष देतां येत नाहीं. तीनदां ही परिक्रमा जिंकलेला माणूस चौथ्यांदां जिंकण्यासाठीं आला आहे. पायांत बळ आहे, त्यानें थांबावें कां? शर्यत ही शर्यत आहे. आघाडी दान म्हणून दिली तर तिची किंमत काय? भाचेसुनेचें म्हणणें, दान कसें? त्यानें डोंगर जिंकून वेळ मिळविला, घड्याळाच्या टप्प्यांतहि टिकवून धरला. इतकीं वर्षें तो यांच्यासाठीं वारा खात आला, तें दान नव्हतें. आणि एक दिवस यांनीं त्याच्यापुढें वारा फोडावयाचा, तें मात्र दान? मला भाचेसुनेचें म्हणणें अधिक बरोबर वाटतें. रोग्लिच वाईट माणूस नाहीं. पण ज्या खेळांत एकाचा जय दहा जणांच्या श्रमांवर उभा असतो, तेथें ‘ज्याच्या पायांत बळ त्याची शर्यत’ हें वाक्य पुरें खरें नाहीं. तें देग्रांजचें वाक्य आहे, आणि देग्रांजनें लोहाराच्या पोराच्या भात्यालाहि दंड केला होता.

पुढच्या दिवशींपासून संघानें कसचें रक्षण करावयाचें ठरविलें. विसाव्या टप्प्याच्या रेषेवर तिघे एकत्र आले. १७ सप्टेंबरला माद्रिदला कस विजयी झाला. विंगेगोर १७ सेकंदांनीं दुसरा, रोग्लिच तिसरा. एकाच वर्षीं तिन्ही मोठ्या परिक्रमा एकाच संघानें जिंकण्याचा हा पहिला प्रसंग. तीन होनांच्या माणसानें भाचेसुनेला जेवढे गुण दिले तेवढे त्या वर्षीं कोणत्याही स्वारानें कोणाला होनामागें दिले नाहींत. मीं भागाकार करून पाहिला आहे.

७ ऑक्टोबरला लोंबार्दीची शेवटची मोठी शर्यत पोगाचारनें लागोपाठ तिसऱ्या वर्षीं जिंकली, रोग्लिच तिसरा आला, आणि वही मिटली. भाचेसून ८६ गुणांनीं जिंकली. तिनें ८६ युरो भरले आणि भाच्यानें नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चहा केला. सकाळीं लवकर उठल्यामुळें त्याची तब्येत सुधारली असें ती सांगते; तो तसें सांगत नाहीं.

जानेवारी २०२४ मध्यें नव्या याद्या आल्या. आतां कसची किंमत १९ होन झाली होती. गेल्या वर्षीं तीन होनांत मिळालेली वस्तु १९ होनांना कोणी घेऊं नये, हें या खेळांतलें पहिलें शहाणपण. तिनें त्याला घेतलें. मीं विचारलें तेव्हां म्हणाली, ‘त्याची थकबाकी आहे, मामा.’ त्या वर्षीं आजारपणामुळें कसला फ्रान्सच्या परिक्रमेंत उतरतांहि आलें नाहीं. उलट पोगाचारनें इटलीची परिक्रमा, फ्रान्सची परिक्रमा आणि जागतिक अजिंक्यपद, तिन्ही एका वर्षांत जिंकलीं. हें यापूर्वीं १९७४ सालीं एडी मर्क्स आणि १९८७ सालीं स्टीफन रोश यांनाच साधलें होतें. पोगाचार अर्थात् भाच्याचा. तो ७१२ गुणांनीं जिंकला.

ऑक्टोबरांत त्याचा मोबाइल आला, एकट्याचा. त्यानें मोठ्या अदबीनें विचारलें कीं, मामा, तो युरोचा नियम त्या एकाच वर्षापुरता होता ना? मीं वही उघडून आतलें पान वाचून दाखविलें. त्यांत मुदत लिहिलेली नव्हती. पैसे त्यानें तीन हप्त्यांनीं भरले. त्या हिंवाळ्यांत चहा भाचेसून करीत होती, आणि तो जरा कमी गोड असे अशी त्याची तक्रार माझ्याकडे नोंदविलेली आहे.